कोरडा नाच

वरातीत न पिता नाचलेला एक गडी मंठ्यात दाखवा, असं इनायतचाचा नेहमी म्हणायचे. चाचांची बँड पार्टी. तीस वर्षं लग्नं वाजवून त्यांचं पक्कं मत झालं होतं, की गडी गाण्यावर न्हाई, घोटावर नाचतो. आता मंडळी, मंठ्याचं सोडा, तुमच्या गावात तरी दुसरं काय होतं? म्हणून त्या दिवशी ओट्यावर पैजेची शिक्षा ठरवायची वेळ आली तेव्हा चाचांनी तीच काढली. हरणाऱ्यानं भर दुपारी आठवडी बाजारात बँडापुढं एक अख्खं गाणं नाचायचं. एक थेंब न घेता.

पैज कशावर? तर रक्तावर.

शेजारचा बद्रीनाथ मिस्त्री तीन दिवसांनी गावातल्या डॉक्टर मदीहाकडं तपासणीला रक्त द्यायला जाणार होता. बद्रीनाथ म्हणजे आळीतला जाहीर पिणारा. कैक वरातींतून त्याला हातगाड्यावर घालून घरी आणलेलं. दोन महिने झाले, तो म्हणत होता सोडली. आळी म्हणत होती, बघू. आणि मदीहाच्या दवाखान्यात एक नवीन तपासणी निघाल्ती. मागच्या तीन-चार आठवड्यांत माणसानं किती ढोसली ते म्हणे रक्तावरून कळतं.

हे ऐकून अंगद पोट धरून हसला. अंगद शाळेची व्हॅन चालवायचा. खोड्या काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मागच्या साली चाचांच्या मोठ्या ढोलात बेडूक सोडून त्यानं ऐन वरातीत नवरदेवापेक्षा चाचांनाच जास्त नाचवलं होतं.

"प्याली, सकाळी मोकळं झालं, विषय संपला," अंगद म्हणाला. "दारू काय रक्तात बिऱ्हाड करून राहती व्हय?"

"शिकेल डॉक्टर सांगून राह्यली, तर राहतच असंल," चाचा म्हणाले.

"मंग लावा पैज. तपासणी खरी निघाली तर मी नाचतो. खोटी निघाली तर तुम्ही, ढोल गळ्यात घालून."

टाळी पडली. अंगद तेवढ्यावर थांबला न्हाई. त्याचं बीपी गोळ्या खाऊनही उतरत नव्हतं, म्हणून मदीहानं त्यालाही हीच तपासणी सांगितली होती आणि तो महिनाभर टाळत होता. आता म्हणाला, मीपण रक्त देतो. एक पिणारा, एक न पिणारा, होऊन जाऊ द्या.

न पिणारा म्हणजे कसा, तेवढं सांगतो. रोज संध्याकाळी शेवटचं पोरगं उतरवलं की पाण्याच्या टाकीमागं व्हॅन लावायची, एक क्वार्टर मारायची, वरून बडीशेप चावायची आणि घरी. कधी लडखडला न्हाई, कधी बायकोवर ओरडला न्हाई. त्यामुळं ही पिण्यात धरायचीच न्हाई, असा त्याचा स्वतःपुरता कायदा होता. तरी खबरदारी म्हणून रक्त द्यायच्या आधी दोन दिवस त्यानं टाकीकडं गाडी वळवली न्हाई. ते दोन दिवस हात थरथरत होते. थंडीमुळं असंल, असं त्यानं ठरवलं. चैत्र चालू होता.

दवाखान्यातला रक्ताचा डबा लॅबसाठी रोज संध्याकाळच्या जालना एसटीवर पोचवायचं काम अंगदकडंच. दोघांनी रक्त दिलं त्या दिवशी त्यानं वाटेत चहाच्या गाड्यावर व्हॅन थांबवली. किटलीच्या वाफेवर दोन्ही नळ्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या अलगद सोडवल्या आणि उलट्यापालट्या चिकटवल्या. तपासणी चुकून खरी असली तरी आता बद्रीनाथच्या नावावर अंगदचं साफ रक्त जाणार, अंगदच्या नावावर बद्रीनाथचं भरलेलं. दारुडा पास आणि अंगद नापास झाला की आळी म्हणणार तपासणी झूट, आणि ढोल चाचांच्या गळ्यात! शीळ घालतच तो डबा गाडीवर देऊन आला.

आठव्या दिवशी दोघांचे कागद आले. अंगदनं आपला उघडला. दारूची खूण नाही.

त्याची शीळ बंद झाली. त्याच्या नावावरचं रक्त तर बद्रीनाथचं होतं. म्हणजे बद्रीनाथनं खरंच सोडल्ती. आणि मंग बद्रीनाथच्या कागदावर काय असंल?

बद्रीनाथ ओट्यापुढं उभाच होता. त्याचा कागद भरलेला निघाला होता, मर्यादेच्या तिप्पट. दोन महिने थेंब घेतला न्हाई म्हणून तो शपथा खात होता आणि चाचा जमिनीकडं बघत होते. आळी हसली, पण हसणं लवकरच थांबलं, कारण त्यानंतर बद्रीनाथनं जे सांगितलं ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्याची बायको साळूबाई धावड्याला माहेरी बसली होती. तोंडाचा वास आणि तुमच्या शपथा दोन्ही बघून झाल्या, डॉक्टरचा साफ कागद दाखवा, त्या दिवशी येते, असं सांगून गेली होती. कागद हा असा आला होता.

चिठ्ठ्या मी बदलल्या, एवढंच अंगदला म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की त्याच्यामागून दुसरं आपोआप येत होतं, की मंग भरलेलं रक्त कोणाचं? खोडी आळीनं माफ केली असती. पण तिप्पट भरलेल्या माणसाच्या व्हॅनमध्ये कोणी लेकरू बसवलं असतं?

चार दिवस त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका पोरीचं घर मागं टाकून व्हॅन पुढं गेली, ती ओरडली तेव्हा ब्रेक लागला. जेवताना उठायचा, दार लावलं का बघायचा, परत बसायचा. टाकीमागं बाटली उघडली, झाकण लावलं, परत उघडली आणि संपवली. आता त्याला कळून राह्यलं होतं की आपण रोज पितोच, फक्त ती मोजत न्हाई, एवढंच.

पाचव्या दिवशी दुपारी त्याला देशीच्या दुकानाकडं वळलेला बद्रीनाथ दिसला. अंगदनं व्हॅन आडवी घातली.

"सोड," बद्रीनाथ म्हणाला. "कागदानं मला पिणारा ठरवलंच हाये. मंग कोरडं राहून कोणाला दाखवू?"

अंगदनं त्याचा दंड धरला, व्हॅनमध्ये घातला आणि सरळ दवाखान्यात नेला. मदीहापुढं, बद्रीनाथच्या देखत, किटलीच्या वाफेपासून टाकीपर्यंत सगळं ओकला. बद्रीनाथ उठला, हात उगारला, तसाच खाली घेतला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. तो हात गालावर पडला असता तर बरं, असं अंगदला वाटलं.

मदीहा म्हणाली, तिला तो कागद पटलाच नव्हता. बद्रीनाथचं वजन भरलं होतं, हाताचं थरथरणं गेलं होतं. नुसता कागद बघून चालत न्हाई, कागदामागचा माणूस बघावा लागतो. तिनं परत तपासू म्हटलं होतं, पण तो रागानं निघून गेल्ता.

"पण मदीहाबेटा," अंगद म्हणाला, "मी कधी झिंगलो न्हाई."

"तेच वाईट हाये, मामा. रोज घेऊन झिंगत न्हाई म्हणजे अंग दारूत मुरलं. बीपी का उतरत न्हाई, आता कळलं? आणि सकाळी सातला व्हॅनमध्ये किती लेकरं असतात?"

"अठरा."

"पाचवी ते दहावी मी तुमच्याच गाडीतून शाळेत गेले. अंगदची गाडी हाये, फिकीर न्हाई, असं अब्बा म्हणायचे."

अंगदनं खिशातून व्हॅनची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मंग तिनं त्याला समजावलं. ही तपासणी माणसाला पकडायला न्हाई. विचारलं तर प्रत्येक गडी कधीमधी घेतो म्हणतो, बायको रडत असते आणि डॉक्टर बीपीची गोळी वाढवत बसतो. रक्त बोललं की निदान खरी गोष्ट सुरू होते. पण उद्यापासून एकदम, एकट्यानं बंद करायची न्हाई. रोज घेणाऱ्यानं तसं केलं तर झटके येऊ शकतात, म्हणून औषधावर, तिच्या नजरेखाली सोडायची. आणि त्याचा कागद हा त्याचा आहे, कोणाला दाखवायचा ते त्यानं ठरवावं.

दोघांचं रक्त परत घेतलं. या वेळी डबा कंपाउंडरनं नेला. बद्रीनाथचा कागद साफ आला. अंगदचा कसा आला ते सांगायला नको. तो कागद घडी करून घेऊन तो बद्रीनाथसोबत एसटीनं धावड्याला गेला आणि साळूबाईपुढं दोन्ही कागद ठेवून आपली करणी सांगितली. साळूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"भाऊजी, तुमची गंमत झाली. इथं माझं घर मोडून राह्यलं होतं."

तिनं पिशवी भरायला घेतली आणि विचारलं, "आणि नाचणार कवा?"

बाजाराच्या दिवशी मिरचीच्या ढिगांपुढं बँड उभा राह्यला. व्हॅन पंधरा दिवसांपासून दुसरा ड्रायव्हर चालवत होता, त्यामुळं कुजबुज होतीच. अंगदनं चाचांकडून माईक घेतला. हात थरथरत होता, पण पहिल्यापेक्षा कमी.

"पैज हरलो," तो म्हणाला. "बद्रीनाथ दोन महिने कोरडा होता. भरलेलं रक्त माझं होतं. तुमची लेकरं मी नेत होतो. रक्त साफ येईस्तोवर किल्लीला हात लावणार न्हाई."

एका बाईनं तोंडावर पदर धरला. मंग चाचांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

मंडळी, दारुडा म्हटलं की आपण गटारीत पडलेला शोधतो. सरळ चालणारा, वेळेवर घरी येणारा आपल्याला दिसतच न्हाई, खास करून तो आरशात असला की. शेजाऱ्याच्या रक्ताची पैज लावण्याआधी आपलं देऊन या. आणि कोणी सोडली म्हणालं तर हसू नका, त्याला साथ द्या.

अंगदचे पाय उचलेनात. भर उन्हात, सगळं गाव बघत असताना, पोटात नुसता चहा घालून नाचणं काय असतं ते नाचून बघा. पहिलं कडवं तो खुंटासारखा हलला. पोरं हसली. दुसऱ्या कडव्याला साळूबाईनं बद्रीनाथला कोपरानं ढोसलं, आणि मंठ्याच्या सगळ्या वराती गाजवलेला तो गडी लाजत लाजत पुढं आला. अंगदकडं त्यानं बघितलं न्हाई, पण नाचला त्याच्या शेजारीच.

गाणं संपलं. चाचांनी घाम पुसला आणि माईकवर सांगितलं, तीस वर्षांत मंठ्यात शेवटी एक कोरडा नाचणारा निघाला.

"एक न्हाई, चाचा," बद्रीनाथ धापा टाकत म्हणाला. "दोन."