झाडलोटीचा दाखला

उमरग्यात हायवेलगतच्या दवाखान्यात इरम्मानं उभी हयात घालवली. मोठ्या डॉक्टरांनी, महालिंगप्पांनी, तिला झाडलोटीला म्हणून ठेवलं होतं. माणसं अपुरी पडायला लागली तशी त्यांनीच तिच्या हातात सुई दिली. सलाईन लावणं, टाके काढणं, बाळंतिणीला धीर देणं, सगळं ती त्यांच्या नजरेखाली शिकली. ट्रकवाल्यांपासून कर्नाटकातून येणाऱ्या बायांपर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणत. नवरा गेल्यावर लेक शिवप्रियाला तिनं याच कामावर वाढवलं.

मोठे डॉक्टर वारले. त्यांचा मुलगा विरेश दवाखान्याचं हॉस्पिटल करायला निघाला आणि एक दिवस त्यानं तिला केबिनमध्ये बोलावलं.

"अक्का, आता तपासण्या होणार. कागद नसलेलं माणूस वॉर्डात चालत नाही. काहीतरी प्रमाणपत्र बघा, नाहीतर माझा नाइलाज आहे."

मोबाईलवर शोधून मार्ग काढला तो शिवप्रियानं. गावाबाहेरच्या कॉलेजात रुग्णसहायकाचा कोर्स होता. काम करून जे शिकलं त्याचेही श्रेयांक तिथं मिळत. पुरेसे मिळाले की बराचसा कोर्स माफ. फक्त, काय काय काम केलं त्याचा दाखला मालकानं द्यायचा. कोर्सला दहावी लागे, ती इरम्माची झालेली होती. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दाखल्याचं नाव काढताच विरेशनं मान हलवली.

"अक्का, तुम्ही इंजेक्शन देत होतात असं लिहिलं, तर बिनशिकलेली बाई इथं सुया टोचत होती हे मीच सहीनिशी कबूल केलं की! हॉस्पिटलला टाळं लागेल."

"मग म्या केलं ते सगळं खोटं व्हय?"

"खोटं कोण म्हणतंय? पण लिहिता येत नाही."

त्यानं तिच्याकडं न बघता लिहून दिलं: स्वच्छता कर्मचारी.

कॉलेजात श्रेयांक ठरवणाऱ्या श्रीदेवी मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. "झाडलोटीवर वॉर्डातले श्रेयांक कसे देऊ, ताई?"

तेव्हा इरम्माचा बांध फुटला. तिनं काही लपवलं नाही. ती सांगत गेली तसं मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी उठून दार लोटलं.

"हे मी लिहून घेतलं, तर कारवाई आधी तुमच्यावर होईल. तुम्ही बोललाच नाहीत, असं समजते."

"लिहा हो मॅडम. व्हायचं ते होऊ द्या." ती पाया पडायला वाकली. मॅडमनी तिला वरच्यावर धरलं. त्यांचेही डोळे भरले होते, पण पेन काही त्यांनी उचललं नाही. श्रेयांक मिळाले ते स्वच्छतेचे, नावापुरते. बाकी पहिल्या वर्षापासून सगळं शिकायचं, तेही रोज हजर राहून.

बाहेर आल्यावर शिवप्रियाचा फोन येत राहिला. तो उचलून काय सांगायचं? समोरून ट्रकांमागून ट्रक जात होते. रस्ता ओलांडायचा होता, पण ती कडेलाच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती विरेशपुढं उभी राहिली. "झाडलोटीवर तरी ठेवा. सकाळी कॉलेज करते, दुपारनं येते." त्यानं लगेच हो म्हटलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं.

पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात नेहमी येणारी नागम्मा नातवाला घेऊन आली. नव्या सिस्टरनं सुई काढली की पोरगं किंचाळायचं. नागम्माला कोपऱ्यात फरशी पुसणारी इरम्मा दिसली.

"अगं बाई, हितं काय करतीस? ये, तूच टोच. तुझ्या हातचं दुखत न्हाय."

नवी सिस्टर बघत होती. दारात विरेशही थांबला. इरम्मानं फडकं बादलीत पिळलं.

"मला येत न्हाय, बाई."

नागम्मा हसली. तिला थट्टाच वाटली. "कुणाला सांगतीस? माझ्या सुनेचं बाळंतपण कुणी केलं?"

"दुसरं कुणी असंल. मला न्हाय येत."

बादली उचलून ती बाहेर पडली. जिन्याच्या वळणावर कुणी नव्हतं. तिथं बसून तिनं पदर तोंडात कोंबला. वर पोराचं किंचाळणं चालूच होतं.