तिनं काय करायचं?

थोरलीनं आईला कुणाला हात म्हणून लावू दिला नाही. आईचं उजवं अंग लुळं पडलं तेव्हापासून उचलणं, बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं एकटीनं. भाऊ मदतीला आला की, "राहू दे, तुला जमायचं नाही!" भावजय आली की, "तू आपली स्वयंपाकघरात बघ." आणि आईच काही करायला गेली तर, "गप पड, हाड मोडून घेशील!" या पायी लग्न राहिलं, नोकरी सुटली. वर ऐट काय, तर मी आहे म्हणून आई आहे.

उचलून उचलून शेवटी हर्निया झाला. डॉक्टरनं चांगलं झापलं, तेव्हा कुठे बाई ऑपरेशनला तयार झाल्या. जाताना भावजयीला इतक्या सूचना दिल्या, की ती बिचारी मान हलवून हलवून दमली.

दवाखान्यात पडल्या पडल्या थोरलीच्या मनात काय चाललं होतं, सांगू? घरी चांगला गोंधळ उडावा. आईनं तिच्या नावानं टाहो फोडावा. भावानं हात जोडावेत. लाज वाटत होती तिला, पण हवं होतं तेच.

टाके ओले असतानाच टॅक्सी करून ती घरी आली. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, केस नीट विंचरलेले. डाव्या हातानं कुस्करलेला बटाटा खात होती आणि भावजयीला काहीतरी सांगून खुदुखुदु हसत होती.

"अगं बाई, हिला उचललं कुणी?" थोरली ओरडली.

"उचलायचं कशाला?" भावजय म्हणाली. "हाताला धरलं की उभ्या राहतात त्या. चार पावलं टाकतातसुद्धा. तुम्हाला माहीत नाही?"

आईचं हसू मावळलं. तिनं चमचा बशीत ठेवला आणि हात मांडीवर सोडून दिला.

"अहो आई, जेवा ना."

"नको. ती आलीय ना आता." आई खाली बघत पुटपुटली. "मी माझ्या हातानं खाल्लं, तर तिनं काय करायचं? ना घर, ना संसार. करू दे तिला. मला सवय झालीय."

एवढं बोलून आईनं तोंड उघडलं आणि वाट बघत बसली.

थोरलीचे टाके ठणकत होते. तिनं खुर्ची पुढं ओढली, चमचा भरला आणि भरवायला लागली. आईचं पोट कधीच भरलं होतं, तरी ती मुकाट्यानं गिळत राहिली.