बुटाची नाडी सुटलीय

माझ्या नणंदेने भर चौकात इतकी पुस्तकं वाटलीत, की एकदा ट्रॅफिक पोलीस गाड्या सोडायचं विसरून वाचतच उभा राहिला आणि अडकलेल्या गाड्यांमधल्या दोन घरांची सोयरीक तिथल्या तिथे जमली. खोटं वाटतं? बरं, सोयरीक सोडा. पोलीस खरा होता.

वन्सं जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. अनोळखी माणसाशी गोड बोलायची सवय तिथलीच. रिटायर झाल्या आणि पिशवीत कृष्णाची पुस्तकं भरून बँकेसमोरच्या फुटपाथवर उभ्या राहायला लागल्या. पण फुकट म्हटलं की लोक आधी पाकीट चाचपतात. म्हणून वन्संनी एक डाव काढला. घाईतला माणूस हेरायचा, पुस्तक पुढे करायचं आणि म्हणायचं, "जरा धरता का? बुटाची नाडी सुटलीय." म्हातारीला नाही कोण म्हणणार? वन्सं वाकून सावकाश नाडी बांधायच्या. तोवर तो बिचारा काय करणार, पान उघडायचा. वन्सं उठल्या की पुस्तक परत मागायच्याच नाहीत.

मग त्यांचे पाय सुजले. बूट चढेनात. माझ्या भाच्याला, म्हणजे त्यांच्या मुलाला, हेच हवं होतं. आईचं असं उन्हात उभं राहणं त्याला पहिल्यापासून खटकायचं. तो म्हणाला, लोक नाडीसाठी थांबतात, देवासाठी नाही. आज चपला घालून एक तरी पुस्तक देऊन दाखव, नाहीतर उद्यापासून घरात बस.

वन्संचं तोंड एवढंसं झालं. पण गेल्या. मीही गेले, असला तमाशा मी सोडते होय? भाचा समोरच्या दुकानाच्या पायरीवर पहारा देत बसला.

सकाळभर कुणी थांबेना. एका बाईने तर लांबूनच बघून रस्ता ओलांडला. वन्संनी तिच्या पाठीलाही हात जोडले. ऊन डोक्यावर आलं, भाच्याने घड्याळ बघून आवरायची खूण केली. तेवढ्यात हेल्मेट घातलेला एक कुरियरवाला लगबगीने आला, आणि वन्संच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जरा धरता का? बुटाची नाडी सुटलीय."

त्याने पुस्तक धरलं. वन्सं वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. पायात चपला.

"आजी," तो म्हणाला, "नाडी कुठाय?"

मी तोंडावर हात धरला. वन्सं उठल्या. चेहरा लाल.

"नाडी नाहीये," त्या म्हणाल्या. "थापच आहे ती. हे पुस्तक मला फार आवडतं. तुम्हाला द्यायचं होतं, एवढंच."

तो असा हसला, की हेल्मेटची काच आतून धुरकटली. काच वर करून त्याने तिथेच एक पान वाचलं, मग दुसरं. "या वयात थापा मारून देताय," म्हणाला, "म्हणजे यात काहीतरी असणारच." पुस्तक शर्टात खोचून गेला.

भाचा रस्ता ओलांडून आला. आईची पिशवी त्याने स्वतःच्या खांद्याला लावली. दुसऱ्या दिवशी त्याने वन्संना मोठ्या मापाचे, मऊ बूट आणले. नाड्या त्यानेच निवडल्या. इतक्या लांब, की बांधून होईस्तोवर समोरच्याचं अख्खं पुस्तक वाचून होतं, आणि वर तो विचारतो, दुसरा भाग आहे का.