आबांचा मूळ आवाज

कोडोलीचे धोंडीराम शाहीर, सगळ्यांचे आबा, हयातभर भीमगीतं गायले. घशाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जीव वाचेल, पण आवाज जाईल. तेव्हा त्यांची मुलगी संघप्रिया त्यांना शाहूपुरीत सम्राटच्या स्टुडिओत घेऊन गेली. सम्राट आबांच्याच कोरसमध्ये उभा राहून गाणं शिकलेला, त्यांच्या घरी जेवून लहानाचा मोठा झालेला. आबा दुपारभर माइकसमोर गायले.

"संघे, काळजी सोड," सम्राट म्हणाला, "ओरिजनल फाईल जिवापाड जपतो."

ऑपरेशन झालं. आबांचा आवाज गेला. पुढं जयंतीला, लग्नाला कुणी गाणं मागितलं, की सम्राट रेकॉर्डिंगमधला तुकडा कापून, खाली ढोलकी चढवून पाठवून द्यायचा. पण दर खेपेला संघप्रियाला काहीतरी खटकायचं. आबांचा खणखणीत आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटे. 'स' आला की नुसती चरचर. तिनं विचारलं की तो म्हणे, "तुझ्या मोबाईलचा स्पीकर फुटकाय. ओरिजनल हाय की माझ्याकडं."

वर्षभरानं गावातल्या नव्या बुद्धविहाराच्या उद्घाटनाला आबांची गाणी लावायची ठरली. संघप्रिया थेट स्टुडिओत गेली.

"सम्राटदादा, मूळ फाईल न्यायला आलोय."

त्यानं पेनड्राइव्ह पुढं केला. तिनं तिथल्याच मोठ्या स्पीकरवर लावून बघितला. तीच चरचर.

"ही न्हवं. पहिली दे."

"हीच हाय आता."

"म्हंजे?"

सम्राटनं मान खाली घातली. "हार्डडिस्क भरली हुती. पहिल्याच आठवड्यात एमपीथ्री करून, म्हंजे दाबून बारकी करून ठेवली, ओरिजनल उडवली. मग त्याच फाईलवर कापाकापी करत गेलो. दर वेळी सेव्ह केली, की थोडा आवाज गाळला जातोय."

"तुला ठावं हुतं हे?"

"व्हय."

"आन तरी सांगत हुतास, ओरिजनल हाय म्हणून?"

"तुला काय कळणार हाय, असं वाटलं."

फाईल गेली याच्यापेक्षा हे वाक्य तिला जास्त लागलं. ती पेनड्राइव्ह घेऊन उठली. "आता तुझ्याकडं उरलेल्या फाईलीला तरी हात लावू नगंस," एवढंच म्हणाली.

घरी आबा वाट बघत बसले होते. तिनं गाणं लावलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले, गुडघ्यावर ठेका धरला. मग त्यांनी फोनकडं बोट दाखवलं आणि हात जोडले. सम्राटला फोन लाव, पोरानं लई केलं माझ्यासाठी, असं त्यांना म्हणायचं होतं.

संघप्रियाला खोटं बोलता आलं असतं. पण एकाचं खोटं वर्षभर ऐकून ती विटली होती.

"आबा, तुमचा खरा आवाज त्यानं पुसला. पहिल्याच आठवड्यात."

आबांनी जोरात मान हलवली. न्हाय, सम्राट तसा न्हाय. तिनं सगळं सांगितलं. ठेका धरलेला हात गुडघ्यावरच थांबला. गाणं अजून चालू होतं. बऱ्याच वेळानं आबांनी स्वतःच हात लांबवून ते बंद केलं, आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.