काळ्या कड्याचा पितळी प्लग

मित्रांनो, मी करंगळीहून लहान, पितळेचा, स्पीकरच्या तारेच्या टोकाला बसणारा एक जुना बनाना प्लग आहे. मुकुंदवाडीतल्या रामकिसनने आम्हा चौघांना निवडले, त्याला कारण होते. उघड्या तारेच्या काड्या विस्कटून एकमेकींना चिकटत आणि अँप्लिफायर बंद पडे. आम्ही अँप्लिफायरच्या भोकात घट्ट बसतो, ओढले की सहज निघतो. दोघांच्या गळ्यात लाल कडे, दोघांच्या काळे. लाल भोकात लाल जायचा, काळ्यात काळा. माझे कडे काळे.

रामकिसनचे वडील कारभारी पूर्वी पिशोरकडे मेंढ्या राखत आणि जत्रांत धनगरी ओव्या गात. घशाच्या ऑपरेशनने आवाज गेला, कुजबुज तेवढी उरली. एका जत्रेत भरलेली एकच कॅसेट शिल्लक होती. रोज संध्याकाळी ती लावून ते डोळे मिटून बसत. माझ्या कामाची तेवढी कदर पुढे कोणी केली नाही.

दसऱ्याला सून सरूबाई हळदकुंकू घेऊन आली.

“थांब, शॉक बसंल. आधी प्लग काढून देतो,” रामकिसन म्हणाला.

“काढा. ट्रॅक्टरची पूजा व्हती, शिलाई मशिनची व्हती, मग मामांच्या गळ्याची नगं व्हय?”

तिने बोटे भरून कुंकू लावले. आम्ही चौघेही लाल दिसू लागलो. रामकिसनने आम्हाला अंदाजाने परत खोचले. एक जोडी बरोबर बसली, माझी उलटी. श्रद्धेशी विजेला देणेघेणे नसते. एका स्पीकरचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई. खालचे सूर एकमेकांना खोडू लागले आणि गळा पोकळ झाला.

“मामा रांजणात बसून गायल्यावानी वाटतंय,” सरूबाई हसली.

“फीत म्हातारी झाली,” रामकिसनने निदान केले. तारेकडे कोणी पाहिले नाही.

कारभारी काही दिवस ऐकत राहिले. मग कुजबुजले, “गेलं ते गेलं. पण नातवांनी हे ऐकून आजा असाच गात व्हता म्हणू नगं.” त्यांनी स्वतःच्या हाताने कॅसेट पेटत्या बंबात टाकली.

दिवाळीला रामकिसनने सोन्याचा मुलामा दिलेले प्लग आणले. सोन्याने आवाज खुलतो, असे दुकानदाराने सांगितले होते. सोने गंजत नाही, इतकेच त्यात खरे. पण नव्या प्लगची कडी स्वच्छ होती, म्हणून ते रंग पाहून लावले गेले. रेडिओवरचे भजन खोल, भरदार वाजले.

“सोन्याचा गुण. पितळानंच घात केला व्हता, आबा.”

कारभारींनी स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकवला. खालचा सूर हाताला लागत होता.

“म्हंजी फीत चांगली व्हती,” ते म्हणाले.

रामकिसनने मला खिळ्यांच्या डब्यात टाकले, आणि आजही त्या घरात दोष माझा आणि श्रेय सोन्याचे आहे.

मित्रांनो, पितळ की सोने, हा प्रश्न नंतरचा. आवाज बिघडला तर आधी टोके तपासा, आणि तपासून होईपर्यंत काहीही जाळू नका. राखेला जोडता येईल असा प्लग अजून कोणी घडवलेला नाही.