माझा पीळ उघडला तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. अंबाडीचा, तीन पेडांचा, वयाने शंभरी ओलांडलेला. एका मुलीचा जीव माझ्या भरवशावर टांगला गेला होता, त्या दिवसाची ही हकिकत.

मला वळलं ते डोंगरांचं वेड असलेल्या एका शिक्षकासाठी. त्या काळी डोंगरात जायचं म्हणजे लोकरीचा कोट, खिळे ठोकलेले जड बूट आणि कमरेला मी. पाय घसरला तर सोडवायला कुणी येणार नाही. घरचे वाटेकडे डोळे लावून बसत. माझ्यावर दोन-दोन माणसं लोंबकळली, पण मी कच खाल्ली नाही. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

शिक्षक गेले. त्यांच्या मुलाने मला दिवाणखान्यात टांगलं आणि प्रेमापोटी वरचेवर व्हार्निश फासलं. वरून मी चकाकत राहिलो, आतून कुजत गेलो. पाहुणे माझी वाहवा करत. माझी विचारपूस कुणी केली नाही.

मग शिक्षकांच्या पणतीने ठरवलं, की पणजोबांच्याच वाटेने, त्यांच्याच दोरावर जायचं. सोबत तिची आत्या आणि काही मित्र होते. हलके बूट, रंगीत नायलॉनचे दोर, हातात फोन. कड्याच्या माथ्यावर तिने माझं एक टोक खडकाला बांधलं, दुसरं कमरेला. गाठ आवळताना माझं व्हार्निश तडकलं. तिच्या लक्षात आलं नाही. ती दरीकडे पाठ करून काठावर उभी राहिली आणि व्हिडिओसाठी मागे रेलली.

माझ्या आतला एक पेड तुटला. आवाजसुद्धा झाला नाही. खाली नुसतं धुकं होतं. मी भयंकर घाबरलो, पण मला ओरडता कुठे येतं?

तेवढ्यात आत्याला मुलीच्या बाहीवर तपकिरी भुसा दिसला.

"मागे ये."

"आत्या, व्हिडिओ चालू आहे. इतकी वर्षं टिकलाय, आज काय होणार?"

"पीळ उघडून बघितलास?"

तिने बघितला नव्हता. आत्याने तिचा कोट घट्ट धरला आणि तिला आत ओढलं. मग मला दोन्ही हातांत धरून उलटं पिळलं. पेड सुटे झाले आणि आतून नुसती भुकटी गळाली. मुलीने ती चिमटीत घेऊन पाहिली.

नंतर तिने स्वतःच चाकू मागितला. परत भिंतीवर टांगला तर उद्या दुसरं कुणी फसेल, एवढंच म्हणाली. मला कापताना ती रडत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचं कौतुक जरूर करा, पण नुसतं चकाकवणं म्हणजे निगा राखणं नव्हे. जीव सोपवण्याआधी आत डोकावून बघा. आमचं काम संपलं असेल तर आम्हाला प्रेमाने निरोप द्या, आम्ही रुसत नाही. माझा शेवटचा पेड तुटला, तेव्हा माझ्यावर कुणाचाही भार नव्हता.