सिरिलचा नट

“त्या नटाला हात लावायचा नाही, बर्नर्ड!”

मी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. मिसेस पिकरिल पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या नवऱ्याला, सिरिलला, जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याची जुनी मॉरिस मायनर आता चढावर धापा टाकत होती.

“मग माझ्याकडे कशाला आणलीत?”

“गुरुवारी समुद्रावर जाताना फायली गावच्या चढावर तीनदा बंद पडली. मागे दुधाचा टँकर. तो ड्रायव्हर काय काय बोलला, ते नको विचारूस.”

“बाई, हल्ली पेट्रोलात दारू मिसळतात.”

“मग झोकांड्या खाणारच की!” म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

या नव्या पेट्रोलचा घास थोडा मोठा द्यावा लागतो. कार्बुरेटर बिचारा जुन्याच मापाने वाढतो आणि इंजिन उपाशी राहतं. असंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतात. इलाज पाच मिनिटांचा: त्याच्या खालचा षटकोनी नट दोन कडांइतका फिरवायचा. पण त्या नटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी सिरिलने तो बसवला आणि बायकोच्या बाटलीतलं पॉलिश लावून पक्का केला होता.

“त्याच्या हातचं तेवढंच राहिलंय,” त्या म्हणाल्या.

“त्याच्या हातचं ठेवायचं तर गाडी घरात ठेवा. समुद्रावर न्यायची तर नट फिरवा.”

बोललो आणि जीभ चावली. मला नीट बोलता येत नाही. अठ्ठावन्न वर्षं इंजिनांशीच बोलतोय, ती उलट बोलत नाहीत.

मग त्यांनी पर्स खाली ठेवली आणि पाना मागितला. मी इंजिन सुरू केलं आणि जागा दाखवली. ठिपका फुटला, लाल कपची खाली पडली. एक कड. दुसरी. इंजिनाची धडधड बसली, एकसारखी झाली.

“आवाज बदलला,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“सिरिलचा नाही हा.”

“चढ मात्र चढेल.”

त्यांनी डोळे पुसले, गाडीत बसल्या, काच खाली केली. “फ्लास्कात चहा अजून दोघांचाच भरते मी. हात ऐकत नाही. उरलेला वाळूत ओतून येते.” मग म्हणाल्या, “या गुरुवारी तू मोकळा आहेस का?”

माझ्या तोंडून निघालं, “गुरुवारी भारी काम आहे हो.” आमच्याकडे कुणी असं विचारलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारतात, तेव्हा हो म्हणायचं.

“बरं,” म्हणाल्या आणि गेल्या.

गुरुवारी सकाळी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि गॅरेजचं दार उघडून बसलो. दहाच्या सुमाराला मॉरिस समोरून गेली. गॅरेजपुढच्या चढावर जराही अडखळली नाही.